चौथे शील आणि ऐकीव बातमी

त्रिशरण-पंचशील ग्रहण करताना आपण दर वेळी चौथे शील उच्चारतो. खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याचा संकल्प करतो आणि लगेच पाचव्याकडे वळतो. पाचव्या शिलावर आपल्या विहारांतून पुष्कळ प्रवचने होतात, कारण दारूने उद्ध्वस्त झालेला संसार डोळ्यांना दिसतो. चौथ्या शिलाविषयी मात्र फारसे कोणी विचारीत नाही. खोटे बोलू नये, हे लहान मुलालाही कळते. त्यात विचारायचे काय, असा सर्वांचा समज.

विचारण्यासारखा प्रश्न आहे तो असा. एखाद्याने खोटी बातमी स्वतः रचली नाही. ती त्याच्या मोबाइलवर आली. पाठविणारा ओळखीचा, नात्यातला. बातमी त्याला खरी वाटली आणि त्याने ती आणखी पन्नास जणांना धाडली. त्यापायी चार घरांत भीती शिरली, कोणाला मार बसला, कदाचित कोणाचा जीव गेला. या माणसाचे चौथे शील मोडले की नाही?

बहुतेक उपासक सांगतील, की मोडले नाही. त्याला खोटे ठाऊकच नव्हते, मग तो खोटे कसा बोलला? या उत्तराला धम्मग्रंथांचा आधार नाही असेही नाही. विनयामध्ये भिक्षूंसाठी जो नियम आहे, त्यात 'संपजान' असा शब्द आहे. म्हणजे जाणूनबुजून केलेला मुसावाद. अट्ठकथाकारांनीही मुसावादाची चार अंगे सांगितली आहेत : गोष्ट खोटी असणे, फसविण्याचे चित्त असणे, तसा प्रयत्न करणे आणि ऐकणाऱ्याला तो अर्थ कळणे. आपल्या या माणसाजवळ फसविण्याचे चित्त नव्हते. तेव्हा तो सुटला.

मग ज्यांचा जीव गेला त्यांचे काय?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीची माणसे होती. बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातली. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हे त्यांच्या नशिबी पिढ्यान्पिढ्या लिहिलेले. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, असा मजकूर त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून सर्वत्र फिरत होता. त्यांतल्या एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, एवढे निमित्त झाले असे त्या वेळच्या वृत्तांत आहे. लोकांनी त्यांना मारीत मारीत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि तेथे त्यांचा प्राण घेतला. गावाचा कारभार ज्या खोलीतून चालतो, त्याच खोलीत.

त्या काळात देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेतात, असे तीत दिसे. ती पाकिस्तानातील कराची शहरात तयार केलेली होती आणि आईबापांनी मुलांकडे लक्ष द्यावे म्हणून केलेल्या प्रचाराचा भाग होती. मूळ फितीच्या शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापून टाकला. कापणारा खोटे बोलला, यात शंका नाही. त्याचे चित्त फसविण्याचेच होते. पण तो एक होता. ज्या हजारो, लाखो लोकांनी ती फीत पुढे धाडली त्यांनी काही कापले नव्हते. त्यांतले कितीतरी आईबाप होते आणि आपल्या लेकरांच्या काळजीने ते धाडीत होते. म्हणजे अट्ठकथेच्या हिशेबाने पाच माणसे मेली आणि शील मोडणारा सापडतो कुठे तर दूर, अज्ञात असा एकच. हा हिशेब मला पटत नाही. तथागतांनाही तो पटला नसता, असे मानायला सुत्तांमध्ये जागा आहे.

मज्झिम निकायातील सालेय्यक सुत्तात भगवंतांनी मुसावादी कोणाला म्हणावे हे सांगितले आहे. दृष्टान्त साक्षीदाराचा आहे. सभेत, नातलगांत, व्यवसायाच्या श्रेणीत किंवा राजाच्या दरबारात एखाद्याला बोलावून विचारतात, की तुला जे ठाऊक असेल ते सांग. तो ठाऊक असून नाही म्हणतो, पाहिलेले असून पाहिले नाही म्हणतो. हे तर खोटे आहेच. पण यादीत दुसरीही बाजू आहे आणि ती आधी येते. ठाऊक नसताना 'मला ठाऊक आहे' म्हणणे, पाहिलेले नसताना 'मी पाहिले आहे' म्हणणे. हाही मुसावादच.

वाचकांनी येथे थोडे थांबावे. खोटेपणा दोन ठिकाणी असू शकतो. एक, ज्या घटनेविषयी आपण बोलतो त्या घटनेत. आणि दुसरा, ती घटना आपल्याला ठाऊक आहे या आपल्या दाव्यात. राईनपाड्याआधी ज्याने मजकूर धाडला त्याला टोळी खोटी आहे हे ठाऊक नव्हते, हे मान्य. पण टोळी खरी आहे हे तरी त्याला कुठे ठाऊक होते? त्याने पाहिले नव्हते, कोणाला विचारले नव्हते, पोलीस ठाण्यात चौकशी केली नव्हती. तरी 'सावधान! आपल्या भागात टोळी आली आहे' असे त्याने ठामपणे कळविले. घटनेविषयी त्याची फसगत झाली असेल. आपल्या ज्ञानाविषयी मात्र फसगत होण्याचे कारण नव्हते; आपल्याला काही ठाऊक नाही, हे त्याचे त्यालाच ठाऊक होते. 'संपजान' हा शब्द तेथे चपखल लागू पडतो.

आपल्या मराठीत एक लहानसा शब्द आहे, 'म्हणे'. 'पलीकडच्या गावात म्हणे पटकी आली आहे.' 'अमक्याच्या मुलाला म्हणे नोकरी लागली.' आपल्या आज्या हा शब्द वापरल्याशिवाय ऐकीव गोष्ट सांगत नसत. त्या एका शब्दाने ऐकणाऱ्याला कळे, की ही बाई स्वतः पाहून सांगत नाही. कालामांना उपदेश करताना कशाकशावर विसंबू नये याची जी यादी भगवंतांनी दिली तीत 'इतिकिरा' असा शब्द येतो. त्याचा अर्थ आपल्या या 'म्हणे'च्या अगदी जवळ जातो. मोबाइलवरून आलेला मजकूर आपण बोटाने पुढे ढकलतो तेव्हा हा 'म्हणे' गळून पडतो. जो मजकूर पहिल्याने लिहिला तोच, त्याच ठामपणाने, विसाव्याच्या हातून एकविसाव्याकडे जातो. आणि विसावा तर त्याच्या विश्वासाचा माणूस असतो. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲप कंपनीने असा मजकूर 'पुढे पाठविलेला' आहे अशी खूण त्यावर उमटविण्यास सुरुवात केली, आणि त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी तो पाठवता येऊ नये अशी मर्यादा घालण्याचे ठरविले. म्हणजे आजीचा 'म्हणे' यंत्राकडून वदवून घ्यावा लागला. तोही पाच माणसे गेल्यावर.

ऐकीव गोष्ट मुळी बोलूच नये, असे धम्म सांगत नाही. तसे असते तर जग मुके झाले असते. चंकी सुत्तात कापठिक नावाचा सोळा वर्षांचा ब्राह्मण तरुण भगवंतांना विचारतो, की परंपरेने आलेले वेदवचनच सत्य असे ब्राह्मण म्हणतात, यावर आपले काय मत? भगवंत त्याला दाखवून देतात, की श्रद्धा, आवड, परंपरेने ऐकणे, तर्काला जुळणे आणि आपल्या मताला पटणे या पाचही गोष्टी दोन्ही बाजूंना फळतात. श्रद्धेने धरलेले खोटे निघते आणि न आवडलेले खरे निघते. मग माणसाने सत्याचे रक्षण कसे करावे? तेथे 'सच्चानुरक्खणा' असा शब्द आला आहे. ज्याने ऐकले त्याने मी असे ऐकले एवढेच म्हणावे. ज्याची श्रद्धा आहे त्याने माझी अशी श्रद्धा आहे एवढेच म्हणावे. हेच खरे, बाकी सारे खोटे, या निष्कर्षावर जाऊ नये. एवढ्याने सत्याचा शोध लागत नाही, हेही भगवंत तेथेच सांगतात. शोध ही पुढची, मेहनतीची पायरी. पण शोध घेण्याइतका वेळ नसलेल्या साध्या माणसालाही सत्याची राखण करता येते. ही मोठी सवलत आहे.

आता कोणी म्हणेल, की हा सारा मोबाइलचा दोष. यंत्र नव्हते तेव्हा असे नव्हते. असे म्हणणाऱ्याने महाडचा इतिहास पुन्हा वाचावा.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी मिरवणुकीने चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. हे सारे शिस्तीने आणि शांततेने झाले. लोक परिषदेच्या मंडपाकडे परतले. जेवणाची तयारी चालली होती, पुष्कळजण आपापल्या गावी निघण्याच्या गडबडीत होते. सुमारे दोन तासांनी महाड गावात बातमी उठली, की अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. असा बेत कोणी केलेला नव्हता. परिषदेच्या ठरावांत नव्हता, भाषणांत नव्हता. पोलीस अधिकारी बंगल्यावर येऊन बाबासाहेबांना भेटले तेव्हा त्यांनी तसे स्वच्छ सांगितलेही. पण बातमी पुढे गेली होती. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मंडपात घुसला, जेवणाऱ्यांना झोडपले, अन्न मातीत मिसळले. वाटेने एकटेदुकटे जाणारे, ज्यांना काय झाले हेही ठाऊक नव्हते, ते गाठून बडवले गेले. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला म्हणून ते वाचले.

पाणी पिण्याचा प्रसंग डोळ्यांदेखत घडला होता, त्यावर महाडकरांना राग होताच. पण केवळ त्यावर हात उगारणे त्यांना तितके सोपे गेले नसते. तळे नगरपालिकेने १९२४ सालीच ठरावाने खुले केले होते. कायदा त्यांच्या बाजूला नव्हता. देऊळ बाटणार हे मात्र असे काही होते की ज्यासाठी काठी उचलताना मनाला टोचणी लागत नाही. अफवेचे काम हेच असते. ती नवे मत निर्माण करीत नाही. मनात आधीच असलेल्या द्वेषाला ती धर्मकर्तव्याचा पोशाख चढवते. राईनपाड्यातही तेच. दारोदार फिरणाऱ्या, मळक्या कपड्यांतल्या अनोळखी माणसाविषयीची घृणा तेथे मोबाइलच्या आधीपासून होती. लेकरांच्या रक्षणाचे निमित्त तिला मिळाले. त्याच दिवशी मालेगावात अशाच संशयावरून जमावाने घेरलेल्या एका कुटुंबाला तेथल्या रहिवाशाने आपल्या घरात घेतले आणि पोलिसांनी त्याला सुखरूप बाहेर काढले. महाडलाही दार उघडणारे होते, मालेगावलाही निघाले. त्यांच्यापाशीही तीच बातमी पोहोचली असणार.

महाडच्या त्या संध्याकाळी मार खाल्लेले आपले लोक संतापले होते; त्यांत लढाईवर जाऊन आलेले सैनिक होते. बाबासाहेबांच्या एका इशाऱ्याने महाडमध्ये रक्ताचे पाट वाहिले असते. त्यांनी लोकांना आवरले. पुढे फिर्यादी झाल्या आणि हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षाही झाल्या. आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक निघाले. महाडला काय घडले, का घडले, याची हकीकत बाबासाहेब त्यात लिहू लागले. अफवेला त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे आपले वृत्तपत्र, स्वतःच्या सहीचे, ज्यातल्या प्रत्येक वाक्याबद्दल लिहिणाऱ्याला जाब विचारता येईल असे.

यातून वृत्तपत्रांवरील विश्वासाचा प्रश्न निघतो. लोकांचा बातम्यांवर विश्वास उरला नाही, अशी आज सर्वत्र ओरड आहे. ही ओरड ऐकून आपल्या समाजातील जाणत्यांना थोडे हसू आले तर नवल नाही. आमचा होता कधी? ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तोच मुळी या कारणाने, की मुंबई इलाख्यातली वृत्तपत्रे विशिष्ट जातींचे हित पाहणारी होती आणि बहिष्कृतांच्या दुःखाला त्यांत जागा नव्हती. 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही, हे बाबासाहेबांच्या चरित्रात नमूद आहे. जानेवारी १९४३ मध्ये पुण्याला रानडे यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात त्यांनी भारतीय वृत्तपत्रव्यवसायाचा धंदा झाला असल्याचे सांगितले आणि साबण बनविण्याहून अधिक नैतिक जबाबदारी तो मानीत नाही, अशा अर्थाची कडक टीका केली. त्यानंतर साठसत्तर वर्षांनी, २००९ च्या विधानसभा निवडणुकीत, पैसे मोजून बातम्या छापून आणल्याचे प्रकरण महाराष्ट्रात गाजले आणि प्रेस कौन्सिलला चौकशीसाठी उपसमिती नेमावी लागली. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीला एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची हत्या झाली, तेव्हा पहिले कित्येक आठवडे मोठ्या वृत्तपत्रांना तिचे गांभीर्य दिसले नाही. जे थोडेफार छापून आले त्यात अनैतिक संबंधांची गोष्ट होती. मेलेल्या माउलीला दुसऱ्यांदा मारणे म्हणतात ते हेच.

तेव्हा अविश्वास आपण उगाच बाळगलेला नाही. तो आपल्याला अनुभवाने आला आहे. पण अविश्वास म्हणजे प्रज्ञा नव्हे. जो सर्व वृत्तपत्रे खोटारडी म्हणून फेकून देतो तो काहीच न मानता राहत नाही. रिकाम्या जागी काहीतरी येऊन बसते. आणि बहुधा आपल्याच माणसाकडून आलेला निनावी मजकूर येऊन बसतो. छापील बातमीखाली निदान पत्ता असतो, संपादकाचे नाव असते, खटला भरता येतो. मोबाइलवरच्या मजकुराला बाप नसतो. ज्याच्यावर खटला भरता येतो त्याच्यावर अविश्वास आणि ज्याचा ठावठिकाणा नाही त्याच्यावर विश्वास, हा कोणता न्याय?

येथे आपले काही सुशिक्षित तरुण कालाम सुत्ताचा हवाला देतात. भगवंतांनी कशावरही विश्वास ठेवू नका असे सांगितले आहे, असे ते म्हणतात. त्यांनी ते सुत्त शेवटपर्यंत वाचावे. केसपुत्तच्या कालामांना भगवंतांनी जी दहा कारणे अपुरी म्हणून दाखविली, त्यांत शेवटचे कारण आहे : हा श्रमण आपला गुरू आहे म्हणून. म्हणजे परक्याचे ऐकू नका एवढ्यावर ते थांबत नाहीत; आपल्याचेही केवळ तो आपला आहे म्हणून स्वीकारू नका, असे सांगतात. त्यापुढे स्वतः पारखण्याची कसोटी देतात. ही गोष्ट अकुशल आहे का, सदोष आहे का, जाणते तिची निंदा करतात का, ती अंगीकारल्याने अहित आणि दुःख होते का? यात सगळ्यात अवघड परीक्षा आपल्याला सुखावणाऱ्या बातमीची असते. शत्रूची बदनामी करणारी बातमी आपण तपासतो का? आपला गौरव करणारी तपासतो का?

उदाहरण घरातलेच घेऊ. बाबासाहेबांना अमुक परदेशी विद्यापीठाने जगातील पहिल्या क्रमांकाचा विद्वान ठरविले, असा मजकूर दर एप्रिलमध्ये फिरतो. ती यादी कोणत्या साली, कोठे प्रसिद्ध झाली, ते त्यात नसते. बाबासाहेबांच्या तोंडी घातलेली वाक्ये तर अगणित. कोणी कवितेच्या ओळी त्यांच्या नावावर खपवतो, कोणी आपले राजकारण. त्यांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केले आहेत. ते काढून पाहण्याचे कष्ट मात्र कोणाला नकोत. कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी., लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्‌सी., ग्रेज इनची बॅरिस्टरी, १९५२ साली कोलंबियाने दिलेली सन्माननीय एलएल.डी. ही सारी कागदोपत्री सिद्ध आहे. ज्याच्यापाशी अस्सल नाणे आहे त्याने खोटे नाणे का चालवावे? उद्या विरोधक ते एक खोटे दाखवील आणि त्याच्याबरोबर अस्सल नाणीही फेकून देईल.

बाबासाहेबांनी स्वतः ही काळजी कशी घेतली ते पाहा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी हा प्रश्न उघडपणे घेतला आहे, की बुद्धाच्या नावावर जे जे सांगितले जाते ते सारे बुद्धाचेच का? भगवंतांच्या हयातीतच त्यांच्या बोलण्याचा विपर्यास होत असे, हे त्यांनी अलगद्दूपम सुत्तासारखी उदाहरणे देऊन दाखविले. मुखोद्गत परंपरा आणि पाठ करणारे भाणक यांमुळे चुका शिरणे शक्य होते, असे कारण दिले. आणि मग पारखण्याच्या कसोट्या सांगितल्या : बुद्ध बुद्धिवादी होते, तेव्हा जे बुद्धीला आणि तर्काला धरून आहे ते त्यांचे मानावे, जे माणसाच्या कल्याणाला उपयोगी नाही अशा चर्चेत ते पडत नसत. महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेसांतही हीच वृत्ती आहे. एखादा भिक्षू आला आणि म्हणाला, की मी हे प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले, तरी त्याचे लगेच स्वागत करू नये आणि धिक्कारही करू नये; ते सुत्तात आणि विनयात बसते का, हे ताडून पाहावे. प्रत्यक्ष तथागतांच्या नावावर आलेल्या शब्दाला ही परीक्षा, आणि सकाळी साडेसहाला 'नमो बुद्धाय'च्या फुलांखाली आलेल्या मजकुराला काहीच नाही!

यावर एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. ज्यांच्या हाती सत्ता नाही, पैसा नाही, बातमीदार नाहीत, त्यांनी बातमी तपासायची कशी? खैरलांजीच्या वेळी छापील वृत्तपत्रांवर विसंबून राहिलो असतो तर सत्य त्या नाल्यातच राहिले असते. तोंडी बातमी, पत्रके, मोबाइलवरचे संदेश यांनीच ते बाहेर आणले. मग 'तपासल्याशिवाय बोलू नका' हा उपदेश दुर्बळाला गप्प बसविण्याचे साधन ठरणार नाही का?

हा आक्षेप मी मान्य करतो, पण खैरलांजीने काय शिकविले ते नीट पाहू. सत्य बाहेर आले ते केवळ बातमी पसरली म्हणून आले नाही. कार्यकर्ते त्या गावात गेले, वाचलेल्या माणसाला भेटले, शवचिकित्सेतील हयगय शोधली, जबाब लिहून घेतले, सत्यशोधन समित्यांनी अहवाल काढले. ज्यांनी हे केले त्यांच्यापाशीही पैसा नव्हता, वृत्तपत्र नव्हते. म्हणून आपल्याला दुसऱ्या कोणाहून अधिक जपले पाहिजे. बलवानाचे खोटे उघडकीस आले तरी त्याचे काही बिघडत नाही. दुर्बळाची एकच गोष्ट खोटी निघाली, की त्याच्या शंभर खऱ्या तक्रारींवर पाणी पडते. ॲट्रॉसिटीच्या फिर्यादींना 'खोट्या' म्हणण्याची संधी शोधणारे थोडे आहेत का? आणि अन्यायाची बातमी कळली व ती पक्की नसली, तर मार्ग चंकी सुत्तात आहेच. मला असे कळले आहे, अमक्याकडून कळले आहे, कोणीतरी जाऊन पाहा. या शब्दांत तातडी आहे, सत्याची राखणही आहे.

माणूस असे का करीत नाही? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा माग काढला आणि २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. खोटी बातमी पुढे पाठविली जाण्याचा संभव खऱ्या बातमीहून ७० टक्के अधिक आढळला. दीड हजार माणसांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सहापट वेळ लागला. यंत्रांनी चालविलेली खाती खऱ्याखोट्याला सारखाच वेग देत होती. फरक पडला तो माणसांमुळे. खोटी बातमी नवी असते, ती आश्चर्य आणि किळस जागवते. हे वाचून मला तण्हा हा शब्द आठवला. नवे काही सर्वांआधी आपण सांगावे, ही हौससुद्धा तण्हाच. आता तर न घडलेले प्रसंग आणि न उच्चारलेली भाषणे यंत्राकडून हुबेहूब तयार करून मिळतात. डोळ्यांनी पाहिले म्हणणाऱ्यालाही, काय पाहिले, कशावर पाहिले, हे विचारणे भाग आहे.

आणि एक गोष्ट कटू असली तरी लिहितो. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये साथ पसरविल्याचा ठपका एका समाजावर ठेवणारा मजकूर आपल्या वस्त्यांतल्या मोबाइलवरूनही फिरला. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी मेळाव्याला आलेल्या परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा करण्यात आल्याचे म्हटले आणि वृत्तपत्रे व दूरचित्रवाणीवरील प्रचारावर कडक ताशेरे ओढले. तोवर भाजीवाल्यांच्या गाड्या वस्तीबाहेर काढून झाल्या होत्या. महाडला आपल्या माणसांना दार कोणी उघडले होते, हे तेव्हा किती जणांना आठवले?

सध्या जनगणनेची चर्चा आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील बौद्धांची संख्या सुमारे ८४ लाख नोंदली गेली, त्यांतले सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात. प्रत्यक्षात अधिक असतील असे पुष्कळांना वाटते, आणि न नोंदल्या जाण्याचे एक कारण भीती हे आहे. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले तर सवलती जातील, मुलाचा दाखला अडेल, असे सांगणारे संदेश पुन्हा फिरू लागले आहेत. त्यांच्या उलट सांगणारेही तितक्याच ठामपणे फिरतात. दीक्षा घेऊन दोन पिढ्या झालेल्या घरांतही त्यामुळे चलबिचल होते. ही भीती एके काळी निराधार नव्हती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांचा समावेश नव्हता. महाराष्ट्र सरकारने राज्यापुरत्या सवलती दिल्या, तरी केंद्राच्या सवलतींना धर्मांतरित बौद्ध मुकत होते. १९९० साली संसदेने त्या आदेशात दुरुस्ती केली. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात आता हिंदू, शीख आणि बौद्ध असे तीन धर्म आहेत. धर्माचा रकाना वेगळा, जातीचा रकाना वेगळा. 'बौद्ध' हे धर्माचे नाव आहे आणि अनुसूचित जातींच्या यादीत जातींची नावे आहेत. हा आदेश आणि १९९० ची दुरुस्ती दोन्ही छापील मिळतात. पुढच्या पौर्णिमेला वंदनेनंतर ती मोठ्याने वाचावीत आणि विहाराच्या फलकावर, वर्ष व कलम घालून, डकवून ठेवावीत. दुरुस्तीचा नेमका मजकूर काही ओळींचाच आहे.